शिकाऊ हातांची कमाई

काम करता करता शिकलेला माणूस पुढे जास्त कमावतो का, हा प्रश्न सरकारी योजनांच्या निमित्ताने आज पुन्हा विचारला जातो आहे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. बारावी झालेल्याला दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविका घेतलेल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन देऊन सहा महिने एखाद्या कार्यालयात किंवा कारखान्यात कामाला लावायचे, अशी तिची मूळ आखणी होती. मुदत पुढे वाढवावी लागली आणि मुदत संपलेली मुले ‘आम्हाला कायम करा’ म्हणून रस्त्यावर आली. त्यांची मागणी बरोबर की चूक यावर पुष्कळ बोलले गेले, पण शिकून बाहेर पडलेल्या मुलाच्या हाती नेमके काय उरते याकडे फारसे कोणी पाहिले नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीसारख्या तालुक्यात हा प्रश्न दोनशे वर्षांचा आहे. इथली माणसे शाळेपेक्षा कामाच्या जागीच जास्त शिकली. आधी पलटणीत, मग मुंबईच्या गिरण्यांत आणि बोटींवर, आणि अलीकडे आंब्या-काजूच्या रोपवाटिकांत. त्या शिक्षणाने कमाई वाढली यात शंका नाही. ती कोणाची वाढली, किती काळ टिकली आणि कशी निसटली हे तपासत गेले की माझ्या मते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. कामावर मिळालेले कसब माणसाच्या मालकीचे व्हायचे असेल, तर त्या कामाच्या फाटकाबाहेरच्या परक्यालाही ते ओळखता आले पाहिजे. आणि फाटकाच्या आत कोणाला घ्यायचे हे जातीने, ओळखीने किंवा लाचेने ठरत असेल, तर प्रशिक्षणाचा लाभ शिकायला सुरुवात होण्याआधीच वाटला गेलेला असतो.

पेशवाई बुडाल्यावर १८१८ नंतर दक्षिण कोकणातल्या फौजेचे ठाणे म्हणून इंग्रजांनी दापोलीची निवड केली. हर्णै बंदर जवळ, आणि पठारावरची हवा गोऱ्या अधिकाऱ्यांना सोसणारी. १८४०च्या सुमारास नियमित फौज इथून हलली, त्यानंतर उतारवयाच्या शिपायांची एक पलटण १८५७पर्यंत राहिली. ठाणे उठले तरी ‘कॅम्प दापोली’ हे नाव टिकले आणि पलटणीशी असलेला संबंधही टिकला. मुंबई फौजेत रत्नागिरी जिल्ह्यातून मोठी भरती होत असे. मराठे, महार, कोकणी मुसलमान असे सगळे तीत होते, आणि नोकरी संपवून आलेले पेन्शनर दापोलीत घर करून राहत. शिपायाचा पगार एकोणिसाव्या शतकाचा बराच मोठा काळ महिना सात रुपये होता. १८९५मध्ये तो नऊ झाला. खाण्यापिण्याचा खर्च त्यातूनच भागवायचा. रक्कम लहानच, पण ती रोख होती आणि दर महिन्याला येत होती. गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताच्या जमिनीवर राबणाऱ्या कुळाला किंवा गावकीच्या कामांत जखडलेल्या महाराला रोख पैसा दिसण्याचा दुसरा मार्ग जवळपास नव्हता.

पलटणीने पगारापेक्षाही मोठे काही दिले असेल तर ते शिक्षण. कंपनीच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना, मुलींनाही, लिहिणे-वाचणे शिकवले जाई, आणि तेही अशा काळात की गावच्या शाळेत त्यांतल्या अनेकांना पाऊल टाकता येत नव्हते. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे रामजी सकपाळ याच वाटेने पुढे गेले. पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये ते शिक्षक होण्यासाठी शिकले, मग लष्करी शाळेत शिक्षक आणि पुढे मुख्याध्यापक झाले, आणि सुभेदार या हुद्द्यावर निवृत्त झाले. निवृत्तीनंतर त्यांनी कुटुंब दापोलीला आणले. धाकटा भीमराव, म्हणजे पुढचे डॉ. आंबेडकर, तेव्हा अगदी लहान होता. आजच्या भाषेत बोलायचे तर नोकरीत असताना, मालकाच्या खर्चाने घेतलेल्या व्यावसायिक प्रशिक्षणाने एका माणसाचे उत्पन्न आणि प्रतिष्ठा कशी बदलते, याचे याहून चांगले उदाहरण या परिसरात सापडणार नाही. दापोलीतच १८८६ साली पलटणीतून निवृत्त होऊन गोपाळबाबा वलंगकर स्थायिक झाले. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ हे पुस्तक लिहिले. ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ही त्यांनीच उभी केली. लष्करात शिकलेला हात आता अर्ज लिहू लागला होता, छापू लागला होता, सरकारला जाब विचारू लागला होता.

पण याच दापोलीत त्या शिक्षणाची मर्यादाही उघडी पडली. १८९०नंतरच्या दशकात लष्कराची फेररचना झाली, ‘लढाऊ जमाती’ नावाच्या कल्पनेने जोर धरला आणि महारांची भरती बंद झाली. वलंगकरांनी १८९४ साली सरसेनापतींकडे पाठवायला विनंतीपत्र तयार केले, त्यामागे ही बंद झालेली भरती होती. त्याच दशकात दापोलीतल्या महार पेन्शनरांना आपली मुले इथल्या शाळेत इतर मुलांबरोबर बसावीत म्हणून अर्ज करत झगडावे लागत होते. मुलांना ओसरीवर बसवले जाई. या दोन गोष्टी एकत्र पाहायला हव्यात. पेन्शन हा असा कागद होता की तो कोणत्याही खजिन्यात चाले. पेन्शनर मुंबईत राहो, दापोलीत राहो की साताऱ्यात, त्याची कमाई त्याच्याबरोबर जाई. पण पलटणीत शिकून आलेले वाचन, हिशेब, शिस्त, माणसे सांभाळण्याची हातोटी हे सारे गावात आणि कचेरीत जातीच्या दाराशी अडे. शिवाय पेन्शन बापाबरोबर संपे. फाटक मिटले तेव्हा पुढच्या पिढीला पगारही मिळाला नाही आणि शाळाही नाही. लष्कराने एका पिढीची कमाई वाढवली हे खरे, पण कमाईची ती वाट कोणा दुसऱ्याच्या मर्जीवर उघडझाप होणारी होती. १९१७ साली युद्धाच्या गरजेने महारांची पलटण पुन्हा उभी राहिली, १९२१मध्ये मोडली आणि १९४१मध्ये तिसऱ्यांदा उभी करावी लागली. कौशल्य तेच, माणसे त्याच गावांची.

गिरण्यांची गोष्ट अधिक मोठी आहे, कारण तिथे गेलेली माणसे कितीतरी जास्त होती. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिली सूतगिरणी काढण्यासाठी कंपनी स्थापन केली आणि पुढच्या तीस वर्षांत रत्नागिरी जिल्हा हा गिरणगावाचा मनुष्यपुरवठा करणारा मुख्य जिल्हा झाला. १८८१च्या शिरगणतीतच मुंबईत रत्नागिरीत जन्मलेले लोक लाखावर होते. हर्णै किंवा दाभोळहून आगबोटीत बसायचे, भाऊच्या धक्क्यावर उतरायचे, गाववाल्याच्या खोलीत पथारी टाकायची, खानावळीत जेवायचे आणि चुलत्याच्या किंवा मेव्हण्याच्या मागाशेजारी उभे राहायचे. शिकणे ते एवढेच. कोणतीही शाळा नाही, पुस्तक नाही, बहुतेकदा शिकण्याच्या काळाचा पगारही नाही. काही आठवडे तुटलेला धागा जोडायला, बाबीन बदलायला, साचा थांबला तर कुठे हात घालायचा आणि कुठे घालायचा नाही हे पाहायला शिकले की जॉबरपुढे, म्हणजे माणसे भरणाऱ्या मुकादमापुढे, जायचे. जॉबरची मर्जी असेल तर बदलीत, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी काम करणाऱ्यांत, नाव लागे. १९३१ साली व्हिटली आयोगाने, म्हणजे भारतातल्या कामगारांची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने, जॉबर कसा भरती करतो, नव्या माणसाला शिकवण्याची जबाबदारी कशी त्याच्याकडे असते आणि त्याबद्दल तो कशी दस्तुरी उकळतो, याची नोंद केली आहे. म्हणजे शिकवणी फुकट नव्हती. ती शिकाऊ माणूस भरत होता, फक्त ती फी कारखान्याच्या खात्यात जमा न होता मुकादमाच्या खिशात जात होती. १९३५ साली मिलमालक संघाने बदली कामगारांची नोंद आणि कार्डे सुरू केली, ती जॉबरचा हा हक्क मोडण्यासाठीच.

या शिकण्याने कमाई वाढली का? निःसंशय वाढली. गिरणीत सगळ्यात चांगली मजुरी विणकाम खात्यात मिळे. तिथे उक्ते काम असे, म्हणजे जितके कापड तितके पैसे, आणि हात बसलेला मागवाला सूतकताई खात्यातल्या मजुरापेक्षा ठळकपणे जास्त कमावी. दापोली-खेड-मंडणगडातल्या मातीच्या भिंती चिऱ्याच्या झाल्या, गावात मनीऑर्डर आली, खोताचे देणे फिटले, धाकट्या भावाची फी भरली गेली. पण विणकाम खात्याचे दार सगळ्यांना उघडे नव्हते. त्या काळच्या मागावर धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आम्ही लावणार नाही, असे सवर्ण विणकर म्हणत. त्यामुळे दलित कामगार कताई खात्यात, कमी मजुरीच्या कामांत अडकून राहिले. शिकण्याची कुवत नव्हती म्हणून त्यांची कमाई कमी राहिली असे कोण म्हणेल? शिकण्याची जागाच त्यांना नाकारली गेली होती. १९२८च्या सहा महिन्यांच्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संप चालवणाऱ्या पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि विणकाम खाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी लावून धरली. पलटणीच्या शाळेत शिक्षक झालेल्या माणसाच्या मुलाला कामाच्या जागेवरचे शिक्षण म्हणजे काय आणि ते नाकारले जाणे म्हणजे काय, हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. बायकांचेही तसेच झाले. गिरणीत त्यांना वाइंडिंग आणि रीलिंग या खात्यांतच घेतले जाई. वर्षानुवर्षे काम करूनही तिथून मागाकडे जाणारी वाट नव्हती. बाकीच्या तर गावीच राहिल्या, नांगरणीपासून लावणीपर्यंतची शेती सांभाळत.

त्याच मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. भायखळ्याला सुरू झालेली ही संस्था १९२३मध्ये माटुंग्याला गेली. तिथे इंग्रजीतून शिकून, प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेले लोक गिरण्यांत देखरेखीच्या जागांवर आले. एका बाजूला कागद असलेला मास्तर, दुसऱ्या बाजूला वीस वर्षे माग चालवून त्याची नस न् नस ओळखणारा पण कागद नसलेला कामगार. दोघांच्या पगारातला फरक नुसत्या ज्ञानाचा नव्हता. आणि या दुसऱ्या माणसाला त्या फरकाची पूर्ण किंमत मोजावी लागली ती १९८२मध्ये. १८ जानेवारीला कामगारनेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुष्कळांच्या गिरण्या त्यांच्यासाठी पुन्हा उघडल्याच नाहीत. कुशल विणकर रातोरात अकुशल झाला. कोणी भिवंडीच्या यंत्रमागावर निम्म्या मजुरीला गेला, कोणी सोसायटीच्या दारात रखवालदार म्हणून उभा राहिला, कोणी दापोलीच्या एसटीत बसून कायमचा गावी आला. त्याचे कसब कुठे गेले नव्हते, हातांतच होते. पण ते त्याच गिरणीला, त्याच मागाला, त्याच जॉबरच्या साक्षीला बांधलेले होते. दुसऱ्या कारखान्याच्या फाटकावर दाखवायला त्याच्याकडे हजेरीच्या कार्डापलीकडे काही नव्हते.

याच किनाऱ्यावरच्या खलाशांकडे मात्र दाखवायला काहीतरी होते. रत्नागिरीच्या बंदरांतून, विशेषतः कोकणी मुसलमान कुटुंबांतून, परदेशी आगबोटींवर डेकवर काम करणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या गेली. कोणत्या बोटीवर, कोणत्या कामाला, किती सफर केली आणि वर्तणूक कशी होती, याची नोंद त्यांच्या ‘नली’त, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तिकेत, होत असे, आणि ती नली घेऊन माणूस पुढच्या बोटीवर जाई. बोट बदलली, कंपनी बदलली, तरी शिकलेले वाया जात नसे. एवढ्याने न्याय झाला असे कोणी समजू नये. आशियाई खलाशाला गोऱ्या खलाशाच्या मानाने फारच थोडा पगार मिळे, आणि सारंगाचा, म्हणजे खलाशांच्या मुकादमाचा, वाटा इथेही सुटला नव्हता. कागदाने भेदभाव मिटत नाही. पण कागद असलेल्याची बढतीची साखळी तुटत नाही, हा फरक गिरणगावाच्या शेजारी ठेवून पाहिला की लक्षात येतो.

इथे कोणी म्हणेल की हे सगळे नंतर शहाणपणाने जोडलेले तर्क आहेत. जे शिकायला गेले ते मुळातच धडपडे, त्यांनी तसेही जास्त कमावले असते. हा आक्षेप गंभीर आहे आणि इतिहासाच्या साधनांतून त्याला पुरते उत्तर देता येत नाही, कारण जो गेला नाही त्याची नोंद कोणी ठेवली नाही. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इतर गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हीच गोष्ट सोडत काढून तपासली गेली आहे. अर्ज करणाऱ्यांतून चिठ्ठीने काहींना प्रशिक्षण द्यायचे, काहींना नाही, आणि मग दोघांची कमाई काही वर्षे पाहत राहायची. कोलंबियात तीन महिने वर्गात आणि तीन महिने कंपनीत, अशा रीतीने शिकवलेल्या मुलींची कमाई चिठ्ठी न लागलेल्या मुलींपेक्षा सुमारे एक पंचमांशाने वाढली; मुलग्यांत तेवढा फरक दिसला नाही. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये अशाच योजनेचा लाभ अगदी बेताचा निघाला. माझ्या विषयाशी सर्वांत जवळचा प्रयोग युगांडातला आहे. अर्थशास्त्रज्ञ ओरियाना बांदिएरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२०मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात काही तरुणांना संस्थेत सहा महिने शिकवून प्रमाणपत्र मिळाले, काहींना तितकाच काळ थेट धंद्याच्या जागी मालकाच्या हाताखाली शिकवले गेले. सुरुवातीला दोघांचीही कमाई वाढली, आणि धंद्यात शिकलेल्यांना काम आधी मिळाले. पण पुढे ती पहिली नोकरी सुटली की धंद्यात शिकलेल्याला दुसरी मिळवणे जड जाऊ लागले, आणि प्रमाणपत्रवाला एकीकडून दुसरीकडे चढत गेला. चार वर्षांच्या काळात टिकलेली वाढ त्याची होती. १९८२नंतरच्या गिरणी कामगाराचे चित्र इतक्या नेमकेपणाने युगांडाच्या आकड्यांत सापडावे, यामुळेच दापोलीचा अनुभव हा केवळ एका तालुक्याचा दैवयोग मानायला माझे मन तयार होत नाही.

दुसरा आक्षेप मालकाच्या बाजूने येतो. कसब बाहेर चालणारे असेल तर मालक ते शिकवील कशाला? आज शिकवला, उद्या शेजारच्या कारखान्यात गेला. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ साली या प्रश्नाला जे उत्तर दिले ते असे की, सगळीकडे चालणाऱ्या कौशल्याची किंमत शेवटी शिकणाराच कमी मजुरीच्या रूपाने भरतो. गिरणगावाचा इतिहास त्यांच्या बाजूचा आहे: बिनपगारी आठवडे, जॉबरची दस्तुरी, काम मिळेल त्या दिवशी मिळेल अशी बदली, ही सगळी शिकाऊने भरलेली फीच होती. पण त्यातून एक प्रश्न उभा राहतो आणि तो अर्थशास्त्राइतकाच न्यायाचा आहे. फी शिकाऊनेच भरली, तर तिची पावती त्याला का मिळू नये? फी सरकारने विद्यावेतनाच्या रूपाने भरली, तर त्या सहा महिन्यांत तो काय शिकला याची बाहेरच्या कोणी घेतलेली परीक्षा का असू नये? १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात हे मान्य केलेले आहे. उमेदवारी संपल्यावर परीक्षा आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र हा त्या कायद्याखालच्या व्यवस्थेचा भाग आहे. २०१९च्या नियमांनी शिकाऊचे किमान विद्यावेतन शिक्षणानुसार ५,००० ते ९,००० रुपये ठरवले. दापोलीच्या आयटीआयमधून बाहेर पडलेल्या मुलाला याचा लाभ घ्यायचा तर मोठे कारखाने लागतात, आणि त्यासाठी त्याला खेड तालुक्यातल्या लोटे परशुरामच्या रासायनिक वसाहतीकडे किंवा थेट पुण्या-मुंबईकडे पाहावे लागते. तालुक्यात उमेदवारीला जागा देणारा मोठा धंदा एकच आहे, आणि तो फळबागांचा आहे.

दापोलीत १९६५ साली कृषी महाविद्यालय सुरू झाले आणि १८ मे १९७२ रोजी कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याआधी हापूसचे कलम करायची जुनी रीत भेटकलमाची होती. रोप कुंडीत वाढवून मोठ्या झाडाच्या फांदीपर्यंत न्यायचे, मचाण बांधून दोन्ही जोडायचे आणि महिनोन्‌महिने पाणी घालत वाट पाहायची. एका झाडावर मोजकीच कलमे होत, आणि ते काम ठरावीक माणसांच्या हातात असे. कोयकलम आणि मृदुकाष्ठ कलम या पद्धती कोकणात रुळल्या तसे हे चित्र बदलले. पावसाळ्याच्या तोंडाला कोय रुजवायची, पंधरवड्याच्या आतल्या कोवळ्या तांबूस रोपाचा शेंडा छाटून मधोमध चीर द्यायची, डोळे फुगलेली हापूसची काडी पाचरीसारखी तासून तीत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. सांगायला दोन वाक्ये, पण चीर जरा खोल गेली, काडी एक दिवस शिळी झाली, पट्टीत हवा राहिली, की कलम मरते. १९९० साली रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवड योजना आली, कोकणातल्या वरकस जमिनींवर आंबा-काजूची लागवड झपाट्याने वाढली आणि कलमांना अफाट मागणी आली. कलम बांधणाऱ्याला कलमामागे दर मिळतो, त्यामुळे हात सुटलेला माणूस साध्या बागमजुरापेक्षा हंगामात बरेच जास्त कमावतो. हे शिकणे पूर्णपणे कामावरचे आहे. जुन्या बांधणाऱ्याच्या शेजारी बसून, आधी पिशव्या भरत, मग काड्या तासत, आणि मग एक दिवस चाकू हातात येतो.

विद्यापीठानेही कामावरच्या शिक्षणाला अभ्यासक्रमात जागा दिली आहे. देशभरच्या कृषी महाविद्यालयांप्रमाणे इथेही पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावांत जाऊन राहतात, शेतकऱ्याबरोबर काम करतात, मग कृषी उद्योगात काही आठवडे घालवतात. गावोगाव ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ म्हणून त्यांची ओळख असते. २०१५मध्ये हे सगळे ‘स्टुडंट रेडी’ या नावाखाली एकत्र आले आणि विद्यावेतन दरमहा ३,००० रुपये झाले. माझा यावर आक्षेप आहे, पण तो कार्यानुभवाच्या कल्पनेवर नाही. कृषिदूताच्या गुणपत्रिकेत हे सत्र नोंदले जाते. ते घेऊन तो बँकेत कृषी अधिकारी होतो, स्पर्धा परीक्षा देतो, खत-बियाण्याच्या कंपनीत जातो. ज्याच्या वाफ्यावर बसून तो कलम बांधायला शिकला, त्या माणसाच्या नावे मात्र कुठेच काही नोंदले जात नाही. एकाच सावलीत, एकाच आठवड्यात, एकाच पिशव्यांच्या रांगेपुढे दोघे बसलेले असतात. कागद फक्त एकाच्या हातात जातो.

कागदांचा तर सुकाळ झाला आहे, पदव्यांना कोणी विचारत नाही, आणखी एका प्रमाणपत्राने काय होणार, असे यावर म्हटले जाईल. हा आक्षेप वर्गात बसून मिळवलेल्या कागदाबद्दल खरा आहे. पण नलीने सांगितले ते वर्ग किती भरले हे नव्हते, सफरी किती केल्या हे होते. युगांडातला कागद उपयोगी पडला, कारण त्यामागे सहा महिने धंद्याचेच शिक्षण आणि शेवटी परीक्षा होती. कलम बांधणाऱ्याची परीक्षा घेणे याहून सोपे आहे: शंभर कलमे बांधून दे, दोन महिन्यांनी किती जगली ते मोजू. माळी प्रशिक्षण चालवणाऱ्या, बागा आणि रोपवाटिका असलेल्या विद्यापीठाला हे करायला नवी इमारतसुद्धा लागणार नाही.

आणखी एक आक्षेप उरतो, तोच मला सर्वांत जड वाटतो. तालुक्यात काम नसेल तर शिकवून करायचे काय? आज कोकणातल्या आंब्याच्या बागांत राखणीपासून काढणीपर्यंत नेपाळहून आलेली माणसे मोठ्या संख्येने काम करतात, आणि इथला तरुण मुंबईतल्या नोकरीची वाट धरतो. ही अडचण नवी नाही. खोती असताना कुळाने जमीन सुधारली तरी वाढलेल्या उत्पन्नात खोताचा वाटा असे; त्यामुळे कसब वाढवण्यात कुळाला फारसे हशील नव्हते. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, पण कष्ट एकाचे आणि नाव दुसऱ्याचे ही रचना बागायतीत वेगळ्या वेषात शिल्लक आहे. प्रशिक्षण नोकऱ्या निर्माण करत नाही, हे मान्यच करायला हवे. पण ज्या धंद्याला माणसे मिळत नाहीत अशी ओरड दर हंगामात होते, त्या धंद्यात काम नाही असे म्हणता येणार नाही. तिथे नाही ते शिकलेल्या माणसाला पुढे चढण्याची पायरी. दहा वर्षे उत्तम कलमे बांधणाऱ्याला अकराव्या वर्षीही तोच कलमामागचा दर मिळणार असेल, तर त्याचा मुलगा मुंबईची गाडी पकडतो यात त्याचा दोष नाही. नेपाळहून आलेला जो माणूस चार हंगामांत तेच कसब शिकला, त्याच्याबाबतही हेच खरे. उद्या त्याने स्वतःची रोपवाटिका काढायची म्हटले, तर त्याच्याकडे सिद्ध करायला काही नाही.

महाराष्ट्रात फळरोपवाटिकांच्या नियमनाचा कायदा १९६९पासून आहे. मातृवृक्ष कोणता, काडी कुठली, विकलेले कलम खात्रीचे आहे की नाही, यासाठी परवाना लागतो आणि तो रोपवाटिकेच्या मालकाच्या नावे निघतो. गिऱ्हाइकाची फसवणूक होऊ नये म्हणून हे योग्यच आहे. त्या परवान्याच्या नोंदीत, किंवा कृषी विभागाच्या दुसऱ्या कोणत्या नोंदवहीत, कलम बांधणाऱ्यांची नावे, त्यांची घेतलेली परीक्षा आणि त्यांच्या हातची जगलेली टक्केवारी लिहिली गेली, तर ती माणसे गुहागरला जावोत, देवगडला जावोत की कर्नाटकातल्या एखाद्या काजूच्या रोपवाटिकेत, दर ठरवताना त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. दापोलीत विद्यापीठ आहे, कृषी विभाग आहे, परवानाधारक रोपवाटिका आहेत आणि पावसाळा दर वर्षी जूनमध्ये येतोच.